पॅकेज-व्यवस्था आणि महाविद्यालयीन संगणक-प्रयोगशाळा : खानदेशच्या संदर्भात एक विवेचन

पुणे विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रातून वेगळे होऊन १५ ऑगस्ट १९९० रोजी जळगाव येथे उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाची स्थापना झाली. २०१८ पासून हे विद्यापीठ कवयित्री बहिणाबाई चौधरी यांच्या नावाने ओळखले जाते. जळगाव, धुळे व नंदुरबार हे तीन जिल्हे त्याचे कार्यक्षेत्र होय. तापीकाठच्या मोठ्या गावांपासून सातपुड्याच्या पायथ्याच्या तालुक्यांपर्यंत पसरलेल्या येथील महाविद्यालयांत संगणक-प्रयोगशाळा ही आता नवलाची वस्तू राहिलेली नाही. यंत्रे घेण्यासाठी अनुदान मिळते, खोली सजते, उद्‌घाटन होते. परंतु त्यानंतर ती यंत्रे वर्षानुवर्षे सुव्यवस्थित, सुरक्षित व एकसारखी कशी ठेवावयाची, हा प्रश्न बहुधा कोणाच्याच नावावर नसतो.

या प्रश्नाला अलीकडे एक निकडीचे स्वरूप आले आहे. मायक्रोसॉफ्ट कंपनीने विंडोज १० या कार्यप्रणालीचा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबविला. तिच्या पुढील आवृत्तीसाठी, म्हणजे विंडोज ११ साठी, टीपीएम २.० ही सुरक्षा-चकती व तुलनेने नवा प्रक्रियक आवश्यक मानला आहे. ज्या यंत्रांत ही सामग्री नाही, ती चालू स्थितीत असूनही अधिकृत मार्गाने पुढे नेता येत नाहीत. अशा यंत्रांचे करावयाचे काय? ती मोडीत काढणे, ती असुरक्षित अवस्थेत तशीच वापरणे, अथवा त्यांवर लिनक्स-कुळातील एखादी मुक्तस्रोत कार्यप्रणाली बसविणे, असे तीन मार्ग ढोबळमानाने दिसतात. तिसरा मार्ग पत्करावयाचा तर त्या कार्यप्रणालींचा जो कणा समजला जातो, त्या पॅकेज-व्यवस्थेचे ज्ञान अवश्य आहे. त्या व्यवस्थेचे स्वरूप, तिच्यामागील तत्त्वे व तिच्या मर्यादा यांचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे. उदाहरणे मुख्यत्वे डेबियन या कार्यप्रणालीतून घेतली आहेत. प्रगत संगणन विकास केंद्र, म्हणजे सी-डॅक, या संस्थेने २००७ पासून प्रसृत केलेली ‘बॉस’ ही भारतीय कार्यप्रणाली तसेच उबुंटू ही लोकप्रिय कार्यप्रणाली याच डेबियनवर आधारलेल्या असल्याने येथील विवेचन त्यांनाही बव्हंशी लागू पडते. आज्ञा प्रत्यक्ष यंत्रावर रोमन लिपीत लिहावयाच्या असतात. येथे त्या उच्चारानुसार नागरीत दिल्या आहेत.

पॅकेज म्हणजे काय

एखादी आज्ञावली संगणकावर बसविणे म्हणजे एक फाइल कोठेतरी ठेवणे नव्हे. तिचा मुख्य भाग एका ठिकाणी, पूरक भाग दुसऱ्या ठिकाणी, माहितीपत्रक तिसऱ्या ठिकाणी व मांडणीची फाइल चौथ्या ठिकाणी जात असते. आरंभीच्या काळात हे काम प्रत्येक वापरकर्ता आपापल्या हाताने करी. परिणाम असा होई की काय बसविले, कोठे बसविले आणि काढावयाचे झाल्यास काय काय काढावे, याची नोंद कोठेच राहत नसे.

इयन मर्डॉक यांनी ऑगस्ट १९९३ मध्ये डेबियन प्रकल्पाची घोषणा केली. त्यानंतर थोड्याच अवधीत त्या प्रकल्पात ‘डीपीकेजी’ हे साधन घडविले गेले. १९९५ मध्ये रेड हॅटने ‘आरपीएम’ हे त्याच जातीचे साधन प्रचारात आणले. दोहोंचा मूळ विचार एकच आहे. आज्ञावलीच्या सर्व फाइली व तिच्याविषयीची माहिती एकाच गाठोड्यात बांधावी आणि ते गाठोडे उघडताना प्रत्येक फाइलीची नोंद वहीत करावी. या गाठोड्यास पॅकेज म्हणतात.

डेबियनचे पॅकेज उघडून पाहिले तर त्यात तीन भाग आढळतात. पहिल्यात केवळ बांधणीच्या पद्धतीचा क्रमांक असतो. दुसऱ्यात माहितीपत्र असते, म्हणजे पॅकेजचे नाव, आवृत्ती, कोणत्या जातीच्या यंत्रासाठी ते आहे, त्याचा सांभाळ कोण करतो, आणि त्यास आणखी कोणत्या पॅकेजांची गरज आहे. तिसऱ्यात प्रत्यक्ष फाइली असतात. यंत्रावर जे जे बसते त्याची नोंद ‘स्टेटस’ नावाच्या एका साध्या वाचनीय फाइलीत होते. व्यापाऱ्याच्या दुकानात रोजकीर्द व खतावणी यांचे जे स्थान, तेच संगणकात या नोंदवहीचे होय. ‘डीपीकेजी’ या आज्ञेस मोठे ‘एल’ अक्षर जोडल्यास एखाद्या पॅकेजने कोणकोणत्या फाइली आणल्या ते कळते, आणि मोठे ‘एस’ जोडल्यास अमुक एक फाइल कोणत्या पॅकेजची आहे ते कळते. ‘व्हेरिफाय’ असा शब्द जोडल्यास मूळ नोंदीशी न जुळणाऱ्या, म्हणजे मागाहून कोणीतरी बदललेल्या, फाइली दाखविल्या जातात. पेन-ड्राइव्हवरून आणून बसविलेल्या, मुळाचा पत्ता नसलेल्या आज्ञावलीबाबत असा कोणताच हिशेब मागता येत नाही.

अवलंबित्वाचा प्रश्न

पॅकेज बांधून झाले म्हणजे काम संपत नाही, कारण कोणतीही आज्ञावली एकटी नसते. धुळ्यातील एखाद्या अभ्यासकास जुन्या मराठी छापील पृष्ठांच्या प्रतिमांवरून अक्षरे ओळखून मजकूर तयार करावयाचा आहे, असे समजू. त्यासाठी ‘टेसरॅक्ट’ ही मुक्तस्रोत आज्ञावली उपलब्ध असून मराठीसाठी तिचे ‘टेसरॅक्ट-ओसीआर-मार’ असे वेगळे भाषा-पॅकेज आहे. परंतु टेसरॅक्टला प्रतिमा हाताळण्यासाठी ‘लेप्टोनिका’ हा आज्ञासंग्रह लागतो. लेप्टोनिकाला निरनिराळ्या प्रकारच्या प्रतिमा वाचण्यासाठी आणखी तीनचार संग्रह लागतात आणि त्यांनाही आपापल्या गरजा असतात. हे सर्व हाताने शोधून योग्य आवृत्तीत गोळा करणे हे काम किती जिकिरीचे आहे, हे ज्याने ते केले असेल त्यास वेगळे सांगावयास नको.

‘डीपीकेजी’ अशी गरज ओळखून अडवणूक करी, पण ती भागवीत मात्र नसे. ही उणीव मार्च १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या डेबियन २.१ बरोबर आलेल्या ‘एपीटी’ या साधनाने भरून काढली. एपीटी माहितीपत्रातील गरजा वाचते, त्या गरजांच्या गरजा वाचते, सर्व यादी पूर्ण करून योग्य क्रमाने पॅकेजे आणविते आणि मग ‘डीपीकेजी’च्या स्वाधीन करते. रेड हॅटच्या परंपरेत हेच काम प्रथम ‘यम’ने केले आणि २०१५ मधील फेडोरा २२ पासून ‘डीएनएफ’ करू लागले.

माहितीपत्रातील नाती एकाच प्रकारची नसतात. काही पॅकेजे अवश्य असतात, काहींची शिफारस असते, काही केवळ सुचविलेली असतात, तर काहींशी विरोध असतो, म्हणजे दोघांना एका यंत्रात नांदता येत नाही. या अटी एकत्र आल्या म्हणजे ‘हे पॅकेज बसविता येईल काय’ हा साधा वाटणारा प्रश्न तर्कशास्त्रातील एक अवघड कोडे बनतो. युरोपातील एडॉस प्रकल्पाच्या संशोधकांनी या शतकाच्या पहिल्या दशकात दाखवून दिले की, सर्वसाधारण स्वरूपात हा प्रश्न गणितज्ञ ज्यांना एनपी-पूर्ण म्हणतात त्या वर्गातील आहे. म्हणजे तो प्रत्येक वेळी झटपट सोडविण्याची हमखास रीत आज कोणापाशी नाही. व्यवहारात मात्र तर्कविधाने तपासणाऱ्या कुशल पद्धतींमुळे उत्तर बहुधा काही क्षणांत मिळते. २००८ मध्ये ओपनसुसे ११.० या कार्यप्रणालीने अशी पद्धती स्वीकारली आणि पुढे इतरांनीही त्याच दिशेने पावले टाकली. वापरकर्ता एक शब्द लिहितो आणि यंत्र एक कूट सोडविते, ही गोष्ट संगणकशास्त्राच्या विद्यार्थ्याने ध्यानी घेण्याजोगी आहे.

भांडार, पडताळा आणि स्वाक्षरी

पॅकेजे जेथून येतात त्या संग्रहास भांडार म्हणतात. ऑगस्ट २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या डेबियन १३ च्या भांडारात सुमारे ६९,८०० पॅकेजे आहेत. या भांडाराच्या प्रती जगातील अनेक विद्यापीठे, संस्था व कंपन्या आपापल्या यंत्रांवर ठेवतात आणि वापरकर्ता जवळच्या प्रतीतून माल घेतो. येथे स्वाभाविकच शंका उत्पन्न होते. अनोळखी माणसाच्या यंत्रावरील प्रत मूळ प्रतीसारखीच आहे, हे कशावरून?

या शंकेचे उत्तर दोन पायऱ्यांनी दिले जाते. पहिली पायरी पडताळ्याची. जुन्या हस्तलिखित पोथ्यांच्या शेवटी ओवीसंख्या किंवा ग्रंथसंख्या नोंदविण्याचा प्रघात होता, हे धुळ्याच्या श्रीसमर्थ वाग्देवता मंदिरासारख्या संग्रहांशी परिचय असलेल्यांस ठाऊक आहे. संख्या जुळली नाही तर प्रत अपुरी किंवा वाढविलेली आहे, हे वाचकास कळे. संगणकातील पडताळा याच हेतूने पण कितीतरी काटेकोरपणे होतो. ‘एसएचए-२५६’ या गणिती क्रियेने कोणत्याही फाइलीपासून ६४ अक्षरांची एक खूण तयार होते. ओवीसंख्या न बदलता एखादा शब्द बदलणे शक्य असे. येथे मात्र एक अक्षर बदलले तरी सबंध खूण पालटते, आणि तीच खूण देणारी दुसरी फाइल मुद्दाम घडविणे आजच्या ज्ञानानुसार व्यवहारतः अशक्य आहे.

दुसरी पायरी स्वाक्षरीची. प्रत्येक पॅकेजची खूण यादीत असते, यादीची खूण ‘रिलीज’ नावाच्या मुख्य फाइलीत असते आणि त्या मुख्य फाइलीवर डेबियनची सांकेतिक स्वाक्षरी असते. ती तपासण्याची किल्ली वापरकर्त्याच्या यंत्रात आधीपासूनच ठेवलेली असते. २००७ मधील डेबियन ४.० पासून ही तपासणी आपोआप होऊ लागली. जळगावच्या सराफ बाजारात दागिना कोणत्याही पेढीवर घेतला तरी त्यावरील हॉलमार्कचा ठसा पेढीचा नसून तपासणी-केंद्राचा असतो. तद्वत येथेही विश्वास माल पोहोचविणाऱ्यावर टाकलेला नसून मालावरील स्वाक्षरीवर टाकलेला असतो. म्हणूनच भांडाराची प्रत कोणीही ठेवू शकतो. एखाद्या महाविद्यालयानेही ती ठेवण्यास कसलीच आडकाठी नाही.

लेखी आज्ञेचे महत्त्व

पॅकेजे बसविण्यासाठी चित्रमय साधनेही आहेत. ‘सिनॅप्टिक’ हे त्यांपैकी एक होय आणि त्यावरील पाठ मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पाने मराठी ध्वनीसह उपलब्ध केला आहे. एका यंत्रापुरते ते सोयीचे असते. परंतु प्रयोगशाळेच्या दृष्टीने लेखी आज्ञेची थोरवी वेगळी आहे. माउसच्या टिचक्या सांगता येत नाहीत, त्या दाखवाव्या लागतात. आज्ञा मात्र वहीत लिहिता येते, पत्राने कळविता येते, तपासता येते आणि चाळीस यंत्रांवर तंतोतंत तशीच चालविता येते.

नेहमीच्या आज्ञा थोड्याच आहेत. ‘एपीटी अपडेट’ या आज्ञेने भांडाराची ताजी यादी येते. ‘एपीटी अपग्रेड’ने त्या यादीनुसार यंत्रावरील पॅकेजे नव्या आवृत्तीवर नेली जातात. या दोहोंत नवशिक्यांची नेहमी गल्लत होते. पहिली आज्ञा केवळ यादी आणते, एकही आज्ञावली बदलीत नाही. दुसरी प्रत्यक्ष बदल करते. यास्तव पहिली न देता दुसरी दिल्यास यंत्र जुन्या यादीवरच विसंबते आणि ‘नवे काहीच नाही’ असे सांगते. ‘एपीटी इन्स्टॉल’ने नवे पॅकेज बसते. ‘एपीटी रिमूव्ह’ने ते काढले जाते पण त्याची मांडणी-फाइल राहते. ‘एपीटी पर्ज’ने ती मांडणीही जाते. ‘एपीटी ऑटोरिमूव्ह’ने केवळ दुसऱ्याच्या गरजेपोटी आलेली व आता कोणासच नको असलेली पॅकेजे निघतात. यंत्रात बदल करणाऱ्या या आज्ञा व्यवस्थापकाच्या अधिकाराने द्यावयाच्या असल्याने त्यांच्या आधी ‘सुडो’ हा शब्द लावतात. ‘एपीटी-गेट’ला ‘सिम्युलेट’ हा निर्देश जोडला तर काहीही न बदलता काय बदलेल ते मात्र दिसते. शिकणाऱ्याने प्रत्येक मोठ्या बदलापूर्वी ही रंगीत तालीम अवश्य घ्यावी.

‘एपीटी-मार्क शोमॅन्युअल’ ही आणखी एक आज्ञा प्रयोगशाळेस विशेष उपयोगी आहे. गरजेपोटी आपोआप आलेली पॅकेजे वगळून हेतुपूर्वक बसविलेल्या पॅकेजांचीच यादी ती देते. ही छोटी यादी हाती असली की नव्या यंत्रावर तीच मांडणी पुन्हा उभी करता येते, कारण बाकीची पॅकेजे एपीटी स्वतः शोधून आणते. यंत्र बिघडले तरी प्रयोगशाळा बिघडत नाही, असे म्हणण्यास येथे आधार मिळतो.

एकच पाट, अनेक शेते

आता खर्चाचा व जाळ्याच्या वेगाचा हिशेब पाहू जाता पुढील गणित उद्‌बोधक ठरते. प्रयोगशाळेत ४० यंत्रे आहेत, प्रत्येकास एका वेळच्या नूतनीकरणासाठी ५०० मेगाबाइट माल हवा आहे आणि महाविद्यालयाच्या जोडणीचा वेग सेकंदास २० मेगाबिट आहे, असे गृहीत धरू. प्रत्येक यंत्राने स्वतंत्रपणे माल आणला तर एकूण २०,००० मेगाबाइट आणावे लागतील. एका बाइटचे आठ बिट या हिशेबाने ते १,६०,००० मेगाबिट होतात, आणि त्यांस ८,००० सेकंद, म्हणजे सव्वादोन तासांच्या जवळपास वेळ लागेल. तेवढा वेळ कार्यालय व ग्रंथालय यांचीही जोडणी अडून राहील. तोच माल एकदाच आणून आतल्या आत वाटला तर बाहेरच्या जोडणीवर केवळ २०० सेकंदांचा, म्हणजे साडेतीन मिनिटांहूनही कमी, भार पडतो.

हे एकदाच आणून वाटण्याचे काम ‘एपीटी-कॅशर-एनजी’ नावाचे पॅकेज करते. ते एका यंत्रावर बसवावयाचे आणि उरलेल्या यंत्रांस त्याचा पत्ता द्यावयाचा. पहिले यंत्र जे मागेल ते बाहेरून येते व साठवून ठेवले जाते. दुसऱ्यापासून चाळिसाव्यापर्यंत सर्वांस ते साठ्यातून मिळते. स्वाक्षरीची तपासणी मात्र प्रत्येक यंत्र स्वतः करीत असल्याने मधल्या साठ्यामुळे विश्वासात उणेपणा येत नाही.

खानदेशातील वाचकास ही रचना परकी वाटू नये. पांझरा व मोसम यांसारख्या नद्यांच्या खोऱ्यांत शतकानुशतके चालत आलेल्या फड-पद्धतीत एकाच बंधाऱ्याचे पाणी एका पाटाने काढून सर्व शेतांस ठरलेल्या क्रमाने दिले जाई. तेथे बंधाऱ्याइतकेच महत्त्व पाटकऱ्यास होते. पाट साफ ठेवणारा व पाळी सांभाळणारा माणूस नसेल, तर बंधारा असूनही शेवटचे शेत कोरडे राहावयाचे. साठा-यंत्राचेही तसेच आहे. त्याची डिस्क भरली, पत्ता बदलला किंवा ते बंद पडले आणि कोणाच्या लक्षात आले नाही, तर चाळीस यंत्रांचे नूतनीकरण एकदमच थांबते, आणि ते थांबल्याचे वर्गात बसलेल्या कोणासही दिसत नाही.

जोडणी नसलेले ठिकाण

काही ठिकाणी जोडणी मुळीच नसते, किंवा परीक्षेच्या कारणास्तव प्रयोगशाळा जाळ्यापासून तोडलेली असते. अशा स्थितीसाठी भारतीय डेबियन-विकासक रितेश राज सर्राफ यांनी ‘एपीटी-ऑफलाइन’ हे साधन घडविले आहे. त्याचे काम तीन टप्प्यांनी होते. जोडणी नसलेल्या यंत्रावर ‘सेट’ ही आज्ञा देऊन काय काय हवे त्याची चिठ्ठी तयार करावयाची. ती पेन-ड्राइव्हवर घेऊन जोडणी असलेल्या यंत्राकडे जावयाचे व ‘गेट’ ही आज्ञा द्यावयाची, म्हणजे चिठ्ठीतील माल एका गाठोड्यात गोळा होतो. ते गाठोडे परत आणून ‘इन्स्टॉल’ ही आज्ञा दिली की माल पहिल्या यंत्राच्या साठ्यात दाखल होतो व नेहमीप्रमाणे बसविता येतो. चोपडा किंवा शिरपूर तालुक्यातील डोंगराळ भागातल्या शाळेचे यंत्र अशा रीतीने तालुक्याच्या गावाहून आणलेल्या मालावरही अद्ययावत ठेवता येईल. पेन-ड्राइव्ह दोन्ही मार्गांत आहे. भेद एवढाच की, येथे तिच्यातून येणाऱ्या मालाचा पडताळा होतो.

वीज गेली तर

भारनियमन व अचानक वीज जाणे या गोष्टी ग्रामीण प्रयोगशाळेस नव्या नाहीत. नूतनीकरण चालू असतानाच वीज गेली तर काय होते, हे म्हणूनच समजून घेतले पाहिजे. ‘डीपीकेजी’ प्रत्येक पॅकेजची अवस्था नोंदवीत पुढे जाते. फाइली उलगडल्या पण मांडणी व्हावयाची आहे, ही एक अवस्था. मांडणी अर्धवट झाली, ही दुसरी. सर्व पूर्ण झाले, ही तिसरी. वीज परत आल्यावर यंत्र चालू करून ‘डीपीकेजी कॉन्फिगर’ ही आज्ञा ‘सर्व’ या अर्थाच्या ‘ए’ या अक्षरासह दिली की नोंदवही वाचून अपुरी कामे पुरी केली जातात. नंतर ‘एपीटी’ला ‘फिक्स-ब्रोकन’ हा निर्देश देऊन राहिलेल्या गरजा भागविता येतात. बहुसंख्य प्रसंगी एवढ्याने यंत्र पूर्ववत होते. ही आज्ञा माहीत नसल्यामुळे सबंध कार्यप्रणाली पुसून नव्याने बसविण्यात दिवस घालविणे, हा निव्वळ अज्ञानाचा दंड होय.

व्यवस्थेच्या मर्यादा

इतके सर्व असले तरी पॅकेज-व्यवस्था निर्दोष आहे असे मानणे धोक्याचे ठरेल. २००६ मध्ये डेबियनच्या पॅकेज-सांभाळात ‘ओपनएसएसएल’ या सांकेतिक आज्ञासंग्रहात एक फेरफार केला गेला. त्यामुळे यादृच्छिक संख्या निर्माण करण्याची शक्ती इतकी क्षीण झाली की, एका जातीच्या व लांबीच्या किल्लीसाठी जेमतेम ३२,७६८ पर्याय उरले. हा दोष मे २००८ मध्ये उघडकीस आला आणि जगभरच्या किल्ल्या बदलाव्या लागल्या. येथे स्वाक्षरी खरी होती, चूक मालातच होती.

२०२४ मधील घटना याहून गंभीर आहे. ‘एक्सझेड’ या फाइली आवळणाऱ्या आज्ञासंग्रहाच्या प्रकल्पात एका टोपणनावाच्या व्यक्तीने दीर्घकाळ काम करून विश्वास संपादन केला आणि ५.६.० व ५.६.१ या आवृत्त्यांत चोरवाट बसविली. अँड्रेस फ्रॉइंड या अभियंत्यास दूरस्थ प्रवेशास नेहमीपेक्षा सुमारे अर्धा सेकंद अधिक लागत असल्याचे जाणवले. त्याचे कारण शोधता शोधता हा कट हाती लागला व २९ मार्च २०२४ रोजी तो जाहीर झाला. डेबियनच्या चाचणीखालील शाखांत ही आवृत्ती पोहोचली होती, स्थिर शाखेत मात्र पोहोचली नव्हती. प्रयोगशाळेने नव्याच्या हव्यासापोटी चाचणी-शाखा न वापरता स्थिर शाखेवर राहावे, हा यातील व्यावहारिक बोध. स्वाक्षरी माल कोणाचा हे सांगते, देणाऱ्याचा हेतू सांगत नाही, हा तात्त्विक बोध.

तिसरी मर्यादा वापरकर्त्याच्या हातची आहे. भांडाराबाहेरील एखाद्या पानावरची आज्ञा न वाचता ‘सुडो’ लावून चालविली, तर वर वर्णिलेली सर्व साखळी एका क्षणात ओलांडली जाते. चौथी मर्यादा जुन्या यंत्रांची. डेबियन १३ मध्ये ३२-बिट इंटेल यंत्रांसाठी स्वतंत्र प्रतिष्ठापना-संच दिलेला नाही. म्हणजे सारीच जुनी यंत्रे वाचविता येतील असे नव्हे. परंतु विंडोज ११ ने नाकारलेली अनेक ६४-बिट यंत्रे येथे आणखी काही वर्षे कामास येतील. डेबियनच्या प्रत्येक स्थिर आवृत्तीस तीन वर्षे पूर्ण व त्यापुढे दोन वर्षे मर्यादित, असा सुमारे पाच वर्षांचा आधार मिळतो. पदवीच्या अभ्यासक्रमाच्या कालावधीशी त्याचा मेळ सहज बसतो.

घेणे आणि देणे

भांडारात मराठीसाठी काय आहे, हेही पाहण्याजोगे आहे. ‘टास्क-मराठी-डेस्कटॉप’ हे पॅकेज मराठी वापरासाठी लागणारी इतर पॅकेजे एकत्र आणविते. ‘लोहित’ हा नागरी टंक ‘फॉन्ट्स-लोहित-देव’ या पॅकेजात मिळतो. रेड हॅटने प्रसृत केलेला हा टंक २०११ पासून मुक्त टंक-परवान्याखाली आहे. ‘अ‍ॅस्पेल-एमआर’ हा शुद्धलेखन-तपासणीचा शब्दसंग्रह आहे आणि ‘लिब्रेऑफिस’ या कार्यालयीन आज्ञावलीचे मराठी रूप वेगळ्या पॅकेजाने बसते. ही सर्व पॅकेजे कोणीतरी बांधली आहेत व कोणीतरी सांभाळीत आहे.

खानदेशची स्वतःची बोली अहिराणी हिला आंतरराष्ट्रीय भाषा-संकेतांच्या ६३९-३ या सूचीत स्वतंत्र स्थान आहे. तिच्या शब्दांचा संग्रह एखाद्या भाषा-विभागाने मुक्त परवान्याखाली सिद्ध केला, तर त्याचे शब्दतपासणी-पॅकेज बांधणे हे संगणक-विभागातील विद्यार्थ्याच्या आवाक्यातले काम आहे. शब्दयादी, माहितीपत्र, परवाना आणि सांभाळ करणाऱ्याचे नाव एवढीच त्याची सामग्री होय. यांत सर्वांत अवघड भाग शेवटचा आहे. पॅकेज बांधणे एका सत्रात होते, पण चुका कळविणाऱ्यांस उत्तर देणे व प्रत्येक नव्या आवृत्तीबरोबर ते जुळवून घेणे वर्षानुवर्षे चालते.

हीच गोष्ट प्रयोगशाळेसही लागू आहे. साठा-यंत्र, स्थिर शाखा व पॅकेजांची यादी यांची तरतूद एका सुटीत करता येईल. त्यानंतर दर आठवड्यास ठरलेल्या दिवशी नूतनीकरण करणे, दिलेली प्रत्येक आज्ञा तारखेसह नोंदवहीत लिहिणे आणि जाणाऱ्या विद्यार्थ्याने येणाऱ्यास ती वही समजावून देणे, एवढे काम कोणाकडे तरी नेमून दिलेले असावे. त्यास वेगळे अनुदान लागत नाही. वेळापत्रकात त्यासाठी एक तास व एक नाव लिहिलेले असावे लागते.